अलंकार ओळखायचे, ते कशासाठी?

कर्जत स्थानकाच्या फलाटावर सायंकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘खोपोली आली.’ खोपोली हे गाव आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी ते जिथे होते तिथेच आहे. आलेली असते ती पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी ही स्थानके घेत तिकडे जाणारी लोकल गाडी. मुंबईच्या कचेरीतून परतणारा कारकून ‘आधीची कर्जत चुकली’ म्हणून हळहळतो आणि उशीर झालेला विद्यार्थी ‘शेवटची कर्जत’ गाठण्यासाठी धावत सुटतो. या बोलण्यात आपण काही साहित्यिक करामत करीत आहोत, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाही. तथापि एखाद्या वस्तूऐवजी तिच्याशी निगडित असलेल्या दुसऱ्याच गोष्टीचे नाव घेण्याच्या या रीतीला इंग्रजी साहित्यशास्त्रात ‘मेटॉनिमी’ अशी भारदस्त संज्ञा आहे. आणि तीच संज्ञा परीक्षेच्या पाठ्यक्रमात समोर आली, की याच फलाटावरून रोज शाळा-महाविद्यालयात जाणारा मुलगा गांगरून जातो. तो व्याख्या पाठ करतो, तिच्याखाली राजमुकुट आणि राजा, लेखणी आणि तलवार यांचे ठरलेले उदाहरण लिहितो आणि सुटतो. जी गोष्ट तो दिवसातून दहा वेळा करतो, तिचेच हे नाव आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दहावी-बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत कवितेवरील प्रश्नांत एक छोटासा प्रश्न असतो : अमुक ओळीतील अलंकार ओळखा. गुण थोडे, पण हमखास मिळणारे. त्यामुळे शिकवणीवर्गांनी आणि मार्गदर्शक पुस्तकांनी त्याची एक यादीच करून टाकली आहे. ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की सिमिली. नाही दिसले आणि अर्थही सरळ नाही तर मेटाफर. एकच अक्षर पुनःपुन्हा आले की अ‍ॅलिटरेशन. निर्जीव वस्तू बोलली-चालली की पर्सॉनिफिकेशन. मुले ‘सिमिली’ला ‘सिमाईल’ म्हणतात आणि ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’. त्यांना हसण्याचे कारण नाही. जो शब्द कधी कानांनी ऐकला नाही, केवळ डोळ्यांनी पाहिला, त्याचा उच्चार याहून निराळा होणार कसा? खंत उच्चाराची नाही. ओळखण्यापलीकडे विद्यार्थ्याला काही विचारलेच जात नाही, ही खंत आहे. कवीने इथे उपमा का दिली, ती काढून घेतली तर ओळीचे काय होईल, दुसरी दिली असती तर अर्थ कुठे सरकला असता, हे प्रश्न उत्तरपत्रिकेच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणून ते वर्गातही बसत नाहीत.

रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणाचे नाव आजही शिक्षकांच्या तोंडी असते. हे पुस्तक मुंबईच्याच कूपर कंपनीने काढलेले. त्यातले रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षणाधिकारी होते आणि १९२४ साली निघालेल्या ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे कर्तेही तेच. त्या व्याकरणात अलंकारांचे प्रकरण लहान आहे, परंतु त्यात निदान एक शिस्त आहे. साम्यावर आधारलेले अलंकार एकीकडे, विरोधावर आधारलेले दुसरीकडे, साहचर्यावर आधारलेले तिसरीकडे आणि रचनेवर आधारलेले चौथीकडे. म्हणजे मन एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे कोणत्या वाटांनी जाते, याचा तो एक नकाशा होता. आजच्या याद्यांतून तो नकाशा गळला आहे आणि नावे तेवढी उरली आहेत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही. हे शास्त्र तो दोनदा शिकतो, आणि दोन्ही वेळा वेगळे शिकतो. मराठीच्या तासाला त्याला उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक, अनन्वय अशी मालिका शिकवली जाते, मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणाने ती घरोघरी पोचवली आहे. तिथे ‘जणू’ हा शब्द दिसला की उत्प्रेक्षा. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला ‘अ‍ॅज इफ’ दिसले की मात्र सिमिली, म्हणजे उपमा! कालचे उत्तर आज चूक ठरते. वस्तुतः कोणतेच चूक नाही. आपल्या शास्त्रकारांनी ‘सारखे असणे’ आणि ‘जणू तेच असणे’ यांत एक पायरी मानली; इंग्रजीने ती मानली नाही. रूपकाचेही तसेच. इंग्रजीत जे वर्ण्य आहे ते अजिबात न उच्चारता केवळ त्याचे उपमान सांगितले, तरी तो मेटाफरच. संस्कृत परंपरेत उपमेय असे उपमानाच्या पोटात गडप झाले की त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. आणि मराठी मार्गदर्शकांतून अतिशयोक्ती हा तर ‘हायपर्बली’चा प्रतिशब्द! या गुंत्यात सापडलेला विद्यार्थी दोन स्वतंत्र याद्या पाठ करतो आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही असे मानून चालतो. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच खोलीत बसून चहा घेतात. या एका प्रश्नावर त्यांनी अर्धा तास बोलायचे ठरवले, तर वर्षानुवर्षांचा घोळ मिटेल.

मेटॉनिमीचा मेळ तर मराठी अलंकारांच्या यादीत सापडतच नाही, कारण आपल्याकडे तो अलंकार नव्हेच. ती शब्दाची एक शक्ती आहे, लक्षणा. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ या वाक्यात वाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो, हे जुन्या शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. त्यासाठी गंगेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांची नावेच ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ अशी आहेत. ‘आम्ही यंदा कर्जत लावला’ असे एखादा शेतकरी म्हणाला, तर त्याने तालुका नव्हे, भात लावलेला असतो. फलाटावर तोच शब्द गाडीसाठी, बांधावर तोच शब्द बियाण्यासाठी. फलाटावर स्त्रीलिंगी, बांधावर पुल्लिंगी. लक्षणेचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

अशी उदाहरणे शोधू लागले की ती थांबत नाहीत. ‘युफेमिझम’ हा शब्द मुलांना अवघड वाटतो. पण मराठी घरात वाढलेले मूल त्यातच लहानाचे मोठे होते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. दुकान बंद करायचे नाही, वाढवायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री सापाचे नाव काढायचे नाही. ते ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’. माणसे मरत नाहीत, देवाघरी जातात. अशुभाला शुभाचे वस्त्र पांघरण्याची ही कला ग्रीकांनाही ठाऊक होती. ‘युफेमिझम’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘शुभ बोलणे’ असा आहे. भोजन कसे झाले असे विचारल्यावर ‘वाईट नव्हते’ असे उत्तर देणारा मराठी गृहस्थ इंग्रजीतला ‘लायटोटीस’ बिनचूक वापरीत असतो. (मराठी माणसाकडून याहून मोठी स्तुती मिळत नाही, हे पाहुण्याने समजून घ्यायचे असते.) आणि ‘ऑनोमॅटोपिया’? या शब्दाचे स्पेलिंग चुकते म्हणून गुण गमावणाऱ्या मुलाच्या डोक्यावर चार महिने तोच अलंकार कोसळत असतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या या दोन तालुक्यांत पाऊस कधी रिमझिम असतो, कधी धो धो. पन्हाळीतून टपटपतो, ओढ्यातून खळखळतो, वर गडगडाट आणि कडकडाट. मराठी व्याकरणाने या शब्दांना ‘अनुकरणवाचक’ असे साधे, कळणारे नाव दिले आहे. ते नाव आधी सांगावे, ग्रीक नाव नंतर. ते लक्षात राहील.

अनुप्रासाच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याकडे एक असे हत्यार आहे, की जे इंग्रज विद्यार्थ्याकडेही नाही. अ‍ॅलिटरेशन हा ध्वनीचा खेळ आहे, अक्षराचा नव्हे. परंतु इंग्रजी लिपी फसवी असल्याने मुले अक्षरे मोजतात. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ ही दोन्ही इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून तिथे अनुप्रास आहे असे लिहितात; ‘कॅट’, ‘किंग’ आणि ‘क्वीन’ यांची आद्याक्षरे तीन वेगवेगळी म्हणून तिथे नाही असे ठरवतात. उत्तर दोन्हीकडे चुकते. शिक्षकाने एवढेच सांगावे : ओळ देवनागरीत लिहा आणि मग पाहा. ‘नाइफ’ आणि ‘नाइट’ देवनागरीत उतरले की मूळ लिपीतले मुके अक्षर आपोआप गळून पडते आणि दोन्ही ‘न’ शेजारी शेजारी उभे राहतात. ज्या लिपीमुळे आपण इंग्रजीत मागे पडतो अशी समजूत रूढ आहे, तीच लिपी इथे कान होऊन मदतीला येते.

डोंगरातल्या ठाकरवाड्यांवरून आणि कातकरवाड्यांवरून येणाऱ्या मुलांचा विचार केला तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. त्यांच्या घरची बोली निराळी. पुस्तकी मराठी हीच त्यांना दुसऱ्या भाषेसारखी. इंग्रजी त्याहून लांबची. अशा मुलाला ‘मेटाफर’ची व्याख्या सांगणे म्हणजे एक कुलूप उघडण्यासाठी दुसरे कुलूप हातात देणे. परंतु त्याच मुलाला कोडी येतात. कोडे म्हणजे दुसरे काय? ज्याच्यातले उपमेय लपवून ठेवले आहे असे रूपक. हा काही आमचा शोध नव्हे. चांगल्या कोड्यातून चांगले रूपक घडवता येते, असे अ‍ॅरिस्टॉटलनेच आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. वर्गात मुलांना आपापल्या वाडीतली कोडी घालायला सांगावीत, उत्तर आले की ‘कशावरून ओळखलेस?’ असे विचारावे, आणि जे साधर्म्य मूल सांगेल त्याच्यावर बोट ठेवून ‘याला म्हणतात मेटाफर’ एवढे म्हणावे. उपमान आणि उपमेय या दोन अवयवांना आपल्याकडे फार जुनी नावे आहेत. ‘उपमान’ हा शब्द तर पाणिनीच्या सूत्रांतही येतो. इंग्रजी समीक्षेने रूपकाच्या या दोन अंगांसाठी ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ हे शब्द स्वीकारले ते आय. ए. रिचर्ड्स यांच्या १९३६ सालच्या पुस्तकापासून. तेव्हा इंग्रजीच्या तासाला मराठी संज्ञा उच्चारताना शिक्षकाने अवघडण्याचे काहीच कारण नाही.

‘व्हेइकल’ म्हणजे वाहन. आणि ‘मेटाफर’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणे असाच आहे; ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या मालमोटारींवर आजही तोच शब्द रंगवलेला असतो. बोरघाट चढणारे ट्रक रोज पाहणाऱ्या खोपोलीच्या मुलाला हे सांगून पाहावे. ‘क्लायमॅक्स’ म्हणजे शिडी. आपल्याकडे पायरीपायरीने चढत जाणाऱ्या या अलंकाराला ‘सार’ म्हणतात. ‘हायपर्बली’ म्हणजे पलीकडे फेकणे, नेमापेक्षा लांब गेलेला दगड. ‘ऑक्सिमोरॉन’ म्हणजे धारदार-बोथट. शब्द स्वतःच आपले उदाहरण. ‘अ‍ॅपोस्ट्रॉफी’ म्हणजे तोंड फिरवणे : न्यायसभेत बोलता बोलता वक्ता पंचांकडून तोंड फिरवून भलत्याच कोणाला, मृताला किंवा देवाला, हाक मारतो ते.

न्यायसभा हा शब्द इथे सहज आलेला नाही. अलंकारांची ही सारी नामावली ज्या शास्त्रातून आली, ते वक्तृत्वशास्त्र कवींच्या मैफलीत जन्मलेले नाही. प्राचीन परंपरा असे सांगते, की इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरील जुलमी सत्ताधीशांची हकालपट्टी झाली, तेव्हा लोक आपापल्या बळकावलेल्या मालमत्ता परत मिळवण्यासाठी न्यायसभेत दावे घेऊन उभे राहिले. वकील नव्हते, ज्याचे त्याने बोलायचे. अशा वेळी कोराक्स आणि टिसियास या दोघांनी बोलण्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. अ‍ॅरिस्टॉटलच्या हवाल्याने ही हकीकत सिसेरोने सांगितली आहे. म्हणजे ज्याला आज आपण ‘कवितेचे रसग्रहण’ या सदराखाली दोन गुणांना विकतो, ते शास्त्र मुळात जमिनीच्या दाव्यांसाठी निर्माण झाले. आपली जमीन गेली कशी हे सांगता यावे, आणि समोरचा काय बोलून ती नेत आहे हे ओळखता यावे, यासाठी.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत राहणाऱ्याला यापुढचे सांगण्याची वास्तविक गरज नसावी. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असणे हे या प्रदेशाचे भाग्य की दुर्दैव, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु त्यामुळे गेली कित्येक वर्षे इथे भाताइतकेच फलकांचे पीक येत आहे, याविषयी मतभेद नाही. नेरळपासून चौकपर्यंत आणि कर्जतपासून खोपोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते उभे असतात. ‘निसर्गाच्या कुशीत’ : चेतनगुणोक्ती. ‘स्वप्नातले घर’ : रूपक. ‘मुंबईच्या उंबरठ्यावर’ : रूपकही आणि अतिशयोक्तीही. अंतर किलोमीटरमध्ये न सांगता मिनिटांत सांगितलेले असते. ती मिनिटे कोणत्या वाहनाची आणि रात्री किती वाजताची, हे गुलदस्त्यात. ‘फार्महाऊस’ या शब्दात तर ‘फार्म’ किती आणि ‘हाऊस’ किती, हे तलाठ्यालाच विचारावे. आणि या सर्व मजकुराची मूळ भाषा इंग्रजी असते. ती रंगीत पुस्तिका शेतकऱ्याच्या घरी येते तेव्हा वाचून दाखवायला घरातला तोच मुलगा किंवा मुलगी पुढे बसते, जिने परवाच्या परीक्षेत मेटाफर बरोबर ओळखलेला असतो.

त्या पुस्तिकेशेजारी आता सातबाराचा उतारा ठेवावा. त्यात उपमा नाही, रूपक नाही, विशेषण तर औषधालाही नाही. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव, कुळाचे नाव, पीक, आणि ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीवाचून जाऊ नये यासाठी जमीन महसूल संहितेत १९७४ साली घातलेल्या कलम ३६-अ चे बंधन, कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट, बँकेचा बोजा, या साऱ्यांच्या खुणा पाहायच्या तर त्या कागदावर. जमिनीचे भवितव्य त्या अलंकारहीन रकान्यात लिहिलेले असते आणि व्यवहार मात्र अलंकृत पुस्तिकेवर ठरतो. इंग्रजी निबंधाच्या तासाला हे दोन कागद शेजारी ठेवून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या भाषेत लिहायला सांगितला, तर त्या तासात मूल जे शिकेल ते शंभर व्याख्यांनी शिकणार नाही.

शासनाची भाषाही अलंकारांपासून मुक्त नसते. जमीन घेतली जाते त्याला आपण ‘भूसंपादन’ म्हणतो. संपादन म्हणजे कष्टाने मिळवणे. विद्या संपादन करावी, यश संपादन करावे. दुसऱ्याची जमीन कायद्याने घेण्याला हा शब्द लावणे, हा युफेमिझमच नव्हे काय? (वृत्तपत्रांच्या संपादकांनी याचा राग मानू नये.) २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्याच्या अंगावरून गेला आहे, तो शब्द ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना त्याचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागला नाही. त्याहून जुने उदाहरण खोपोलीचेच आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून त्यावर वीज निर्माण करणारे टाटांचे केंद्र १९१५ साली इथे सुरू झाले. त्या काळी जलविद्युतशक्तीला जगभर ‘पांढरा कोळसा’ म्हणत. सुंदर रूपक आहे. काळा धूर ओकणाऱ्या गिरण्यांच्या मुंबईला ते भावले असणार. परंतु पाण्याला कोळसा म्हटले, की ते खाणीतून काढून जाळण्याची वस्तू होते. पिण्याचे, शेतीचे, नदीचे असे त्याचे दुसरे सारे अर्थ त्या एका शब्दात विझतात. रूपक एक बाजू उजळते तेव्हा दुसरी अंधारात टाकते, ही गोष्ट त्याच्या व्याख्येत यायला हवी. पुढे १९४२ च्या लढ्यात मुंबईकडे जाणाऱ्या याच विजेच्या मनोऱ्यांवर भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने घाव घातले. सरकारने त्याला घातपात म्हटले, लोकांनी स्वातंत्र्यलढा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. त्यांना आरोपी म्हणायचे की हुतात्मे, हा प्रश्न केवळ शब्दांचा होता असे म्हणायला आज कोणी धजणार नाही.

आणि एक उदाहरण, जे देताना लेखणी अडखळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलै रोजी शोध थांबवण्यात आला. अशा प्रसंगी जी वाक्ये आपोआप ओठांवर येतात ती सर्वांच्या परिचयाची आहेत : निसर्ग कोपला, काळाने घाला घातला, डोंगराने वाडी गिळली. शोकाला ही भाषा लागते. ती कोणी हिरावून घेऊ नये. पण वृत्तांत लिहिणे हाही इंग्रजी रचनेतला एक प्रश्नप्रकार आहे, आणि वृत्तांतात या भाषेचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. कोपायला, घाला घालायला, गिळायला कर्ता लागतो. अलंकार तो कर्ता पुरवतो : निसर्ग, काळ, डोंगर. एकदा कर्त्याची जागा भरली, की दुसऱ्या कोणत्याही कर्त्याला वाक्यात जागा उरत नाही. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, ही माहिती सरकारनेच विधिमंडळात दिली. या वाक्यात एकही अलंकार नाही. म्हणूनच ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न सुचतो : यादी कोणी केली, केव्हा केली, कशाच्या आधारे केली? ‘निसर्ग कोपला’ यानंतर असा कोणताही प्रश्न सुचत नाही. पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीवावर सजीवाचा आरोप, एवढेच शिकलेल्या मुलाला हा फरक दिसणार नाही. आरोप कोणावरून उठून कोणावर गेला, हे विचारायला शिकलेल्याला दिसेल.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो शिक्षकांकडूनच येईल. मुलांना साधे शुद्ध वाक्य लिहिता येत नाही, क्रियापदाचा काळ चुकतो, तिथे हे अलंकारशास्त्र कशाला? आक्षेप खोटा नाही. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो, आणि तरीही रजेचा अर्ज लिहिताना त्याचा हात थरथरतो. वर्गात मुले पुष्कळ, शिक्षक थोडे, आणि शिक्षकाच्या डोक्यावर अध्यापनाखेरीज दहा कामे. परंतु हा आक्षेप अलंकार न शिकवण्याचे कारण होत नाही, कारण ते शिकवले तर जातातच. यादी करून, घोकून, वेळ खाऊन. तो वेळ जायचाच असेल तर निदान उपयोगी लागावा, एवढीच मागणी आहे. शिवाय वाक्य चुकण्याचे एक कारण असे, की मुलाला त्या भाषेत सांगण्यासारखे स्वतःचे काही आहे असे वाटतच नाही. फलाट, भाताचे वाण, आजीचे ‘लांबडे’, रस्त्यावरचा फलक, यांवर लिहायला सांगा. वाक्य मोडके येईल, पण ते पाठ केलेले नसेल, आणि मोडके वाक्य दुरुस्त करता येते.

दुसरा धोका मात्र खरा आहे. अलंकार शिकवले की मुले ते वापरू लागतात! मराठी निबंधात पाऊस नवरीसारखा नटतो आणि सूर्य हमखास सोन्याचा गोळा असतो, त्याची इंग्रजी आवृत्ती वाचायची पाळी शिक्षकांवर येईल. तेव्हा रचनेच्या तासाला पहिला नियम असावा, तो अलंकार घालण्याचा नव्हे, काढण्याचा. लिहिलेल्या परिच्छेदातून एकेक अलंकार उचलून पाहावा. उचलल्यावर अर्थ जिथे लंगडतो तिथे तो ठेवावा, बाकी सोडून द्यावेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन सादर केले, ते भाषेचे सौंदर्य दाखवण्यासाठी नव्हे. शेतकऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणातून शेतकऱ्याचे मूलच कसे वगळले जाते, हे राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत ऐकवण्यासाठी. त्याच सुमारास लिहिलेल्या मराठी ग्रंथाचे नाव मात्र त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ असे ठेवले. ते रूपक आहे, आणि उचलून पाहिले तर जागेवरून हलत नाही.

मंडळाच्या प्रश्नपत्रिका बदलायला वेळ लागतो. समित्या बसतात, आराखडे येतात, मार्गदर्शक पुस्तके त्यांच्याही आधी बाजारात येतात. पण शाळेची घटक चाचणी वर्गशिक्षकच काढतो आणि तिच्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नसते. येत्या चाचणीत ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाखाली कवितेच्या दोन ओळींबरोबर गावाच्या चौकातल्या फलकावरचे एक इंग्रजी वाक्यही घालता येईल, आणि त्याखाली पुढचा प्रश्न : हे वाक्य अलंकार काढून पुन्हा लिहा, लिहिल्यावर त्यात कोणती माहिती कमी पडते ते सांगा, आणि ती कोणत्या कचेरीत मिळेल तेही लिहा. शेवटच्या उपप्रश्नाचे उत्तर कर्जतच्या मुलांना तालुका कचेरीच्या वाटेवरच सापडेल.